फोटोतली पाठ

कांदिवलीच्या कबड्डी मंडळात त्या रविवारी संध्याकाळी शाल एकच होती आणि मानकरी दोन. शाल द्यायची होती ती भिंतीवरच्या जुन्या फोटोतल्या गड्याला. चार जणांनी पाय धरलेत, तरी हा लांब होऊन मधल्या रेषेला बोट लावतोय, असा तो फोटो. अडचण एवढीच, की गड्याचं तोंड मातीत होतं. दिसत होती ती फक्त पाठ.

"पाठ माझी. सदुसष्टची फायनल," धाकू परब म्हणाले.

"माझी, चौऱ्याहत्तरची," अंबादास म्हणाले. "तू अडुसष्टलाच गुडघा धरून घरी बसलास, धाकू."

फोटोवर तारीख नव्हती. म्हणून धाकूंची सून अनुपमा हिला बोलावलं. पवईच्या एका प्रयोगशाळेत तिने पंचवीस वर्षं कागद तपासले होते. ती सासऱ्यांसाठीही खोटं बोलणार नाही, याची अंबादासांना खात्री होती आणि धाकूंना धास्ती.

तिने नोटा तपासायचा जांभळा दिवा फोटोवर धरला. कागद निळसर चमकला.

"कागदात चमक आणणारं रसायन आहे. म्हणजे साधारण पंचावन्नच्या नंतरचा."

"बघ," दोघंही एकदम म्हणाले.

मग तिने फोटो पालथा करून कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवला. साध्या कागदाने तो पिऊन टाकला असता. हा अळवावर बसावा तसा बसून राहिला.

"मागे प्लास्टिकचा थर आहे, बाबा. असा कागद सत्तरच्या नंतरचा."

अंबादासांनी शालीसाठी खांदे सरळ केले.

"माका शिकवतंस?" धाकू म्हणाले. "फोटो तेव्हाचोच. कॉपी मागाहून काढली असतली."

अनुपमाने फोटो पुन्हा सुलटा केला. मुद्दा बिनतोड होता.

"बरोबर आहे. कागद छापल्याचं साल सांगतो, सामन्याचं नाही."

"मग पंचवीस वर्षं केलंस काय गं तिथे?" अंबादास म्हणाले.

धाकूंनी सदरा काढला आणि सरळ फरशीवर पालथे पडून हात लांब केला. "ही पाठ बघा आणि ती बघा."

"हात असा नव्हता रे," म्हणत अंबादासही सदरा काढून शेजारी आडवे झाले.

तेवढ्यात मंडळाचा सेक्रेटरी नितेश धावत आला. "पाहुणे दारात आलेत. उठा ना."

कोणीच उठेना. धाकूंचा गुडघा आणि अंबादासांची कंबर, दोन्हींनी एकदमच संप पुकारला होता. चार कार्यकर्त्यांनी पाय धरून ओढायला सुरुवात केली, तशी दोघांनी घाबरून एकमेकांचा दंड घट्ट पकडला. पाहुणे आत आले. त्यांना वाटलं, प्रात्यक्षिक चालू आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि वाकून ती एकुलती एक शाल दोन्ही पाठींवर पांघरली. नितेशने मोबाइलवर फोटो काढला.

आठवड्याने तो फोटो जुन्याच्या शेजारी लागायचा होता. पुढे कुणाचं भांडण नको म्हणून अनुपमाने मागे तारीख घालायला पेन्सिल काढली. धाकू खुर्ची ओढत जवळ आले.

"सूनबाई, साल जरा मागचं घाल."

"घाल गं," अंबादासही पहिल्यांदाच त्यांच्या बाजूने बोलले. "पण चौऱ्याहत्तर घाल."