तात्या घाडींची थंड खोली

ऑक्टोबरच्या उकाड्यात आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगची लिफ्ट म्हणजे इडलीचं भांडं. पंखा बंद, माणसं पाच, आणि वर जायला आठ मजले. अशा लिफ्टमध्ये एक दिवस तात्या घाडी मानेवरचा घाम पुसत मला म्हणाले, "थंडी फार वाईट गो. थंड खोलीत फ्रिज कधी ठेवू नये. वाट लागते."

माझ्या कुर्त्याची पाठ भिजून अंगाला चिकटली होती. मी म्हटलं, "कुठली थंडी, तात्या?"

"आज तीन डिग्री आहे."

"कुठे?"

"गॅरेजात," तात्या म्हणाले, आणि आपला मजला आला म्हणून बाहेर पडले.

आमच्या बिल्डिंगला गॅरेज नाही. खाली स्कूटर लावायला जागा मिळाली तरी लोक पेढे वाटतात. गॅरेज होतं कॅनडात, तात्यांच्या मुलाच्या, प्रसादच्या घराला लागून. त्यात हीटर नव्हता आणि प्रसादने तिथे एक जुना फ्रिज ठेवला होता. त्याच्या वरच्या फ्रीझरमध्ये सुरमईच्या तुकड्या, कोलंबी, खवलेलं खोबरं असा महिन्याचा माल. बाहेर हिवाळा लागायला आला आणि हा फ्रिज मधेच काम थांबवायला लागला. मासे वितळायचे. ऐन थंडीत मासे नासतात, यावर प्रसादचा विश्वास बसेना. बहात्तर वर्षांच्या तात्यांचा मात्र लगेच बसला.

तात्या उभा जन्म औषधाच्या कंपनीत पॅकिंग खात्यात होते. फ्रिजशी संबंध दूध काढण्यापुरता. पण पोराने फोनवर विचारलं आणि म्हातारा पेटला. मोबाइलवर तासन्‌तास बघून त्यांनी कारण शोधलं. मग वॉचमन, भाजीवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, जो भेटेल त्याला धरून सांगायला लागले. "फ्रिजला डोकं एकच. ते खालच्या कप्प्यात. खोलीच तीन डिग्री असली की त्याला वाटतं, मी आधीच गार आहे, कशाला मरू? मग तो बसून राहतो. आणि वर मासे वितळतात. दोष फ्रिजचो नाय, खोलीचो."

मराठी बोलता बोलता मालवणीत घसरले की समजायचं, तात्या आता सोडणार नाहीत.

हे वाक्य त्यांनी इतकं वापरलं की बिल्डिंगला पाठ झालं. पाण्याचा पंप जळला. तात्या म्हणाले, "दोष पंपाचो नाय, खोलीचो." चौथ्या मजल्यावर सासू-सुनेचं भांडण जिन्यापर्यंत आलं. सगळे मधे पडायला घाबरत होते. तात्यांनी दारातूनच निकाल दिला. त्या दिवशी सासू आणि सून पहिल्यांदा एक झाल्या आणि दोघींनी मिळून तात्यांना हाकललं.

काकी, म्हणजे त्यांच्या मिसेस, कपाळाला हात लावून बसायच्या. "हयसर घामान माझो जीव जाता आणि ह्यांका थंडीची काळजी! गो, तू तरी सांग ह्यांका. तू शिकलेली."

तर, मी शिकलेली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पप्पा जालन्याहून आले, आयुष्यभर लोकांच्या भिंती रंगवल्या. माझा पदवीचा फोटो आमच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर आहे आणि तो तिरका झाला तर मी जेवण सोडून उठते. बीएस्सी फिजिक्स. मरोळला एका कंपनीच्या लॅबमध्ये माल तपासते. हे सगळं तात्यांना माहीत होतं, म्हणूनच एका संध्याकाळी ते आमच्याकडे आले आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाले, "सायन्स काय म्हणतं? प्रयोग करायला हवा ना?"

"हवा की."

"मग मला थंड खोली दे."

मुंबईत ऑक्टोबरमध्ये थंड खोली. मी हसले आणि तिथेच फसले, कारण मला एक माहीत होती. आमच्या लॅबच्या मागच्या गल्लीत एका फळवाल्या शेठचा गाळा आहे. सफरचंदं, किवी ठेवायला त्याने मोठी कोल्ड रूम केली आहे. आम्ही एकाच टपरीवर चहा पितो, त्यामुळे तोंडओळख. मी त्याला भीत भीत विचारलं.

"मॅडम, फ्रिज के अंदर फ्रिज?" शेठने चहाचा ग्लास खाली ठेवला. "काका की तबियत बरोबर आहे ना?"

"लडका कॅनडा में है," मी म्हटलं. का म्हटलं कोण जाणे. शेठने ग्लास परत उचलला. मग म्हणाला, "कोपऱ्यात ठेवा. सफरचंद को हात नहीं लगाने का."

आता प्रश्न फ्रिजचा. मला वाटलं, तात्या भंगारातून एखादा आणतील. त्यांनी घरचा नेला. दोन हमाल लावले, टेम्पो केला, आणि काकी देवळात गेल्या असताना त्यांचा चालता फ्रिज मरोळला रवाना झाला. काकी परत आल्या तर स्वयंपाकघरात भिंतीवर नुसता चौकोन, तेवढाच पांढरा. शेजारी ओट्यावर दही, कोथिंबीर, अर्धा लिंबू आणि मळलेली कणीक ओळीने मांडून ठेवलेली.

"माझो फ्रिज हवापालटाक गेलो!" काकी जिन्यात उभ्या राहून सगळ्यांना सांगत होत्या. "माका कधी महाबळेश्वर दाखवल्यान नाय, आणि फ्रिजाक घेऊन गेलो मेलो!"

तेव्हापासून त्यांचं दूध आमच्या फ्रिजमध्ये.

मी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत तात्यांबरोबर कोल्ड रूममध्ये जायचे. बाहेर डांबर वितळतंय आणि तात्या स्वेटर, मफलर, कानटोपी घालून रिक्षातून उतरतायत. रिक्षावाला भाडं घेताना त्यांच्याकडे बघायचा आणि मग माझ्याकडे, दयेने. फ्रीझरमध्ये आम्ही सुरमईच्या दोन तुकड्या आणि बर्फाचा ट्रे ठेवला होता. प्रसादचा फ्रिज जे करत होता तेच या फ्रिजने केलं. खोली गारठलेली, फ्रिज गप्प, आणि ट्रेमध्ये पाणी.

"वितळला!" तात्या सफरचंदांच्या खोक्यांमध्ये नाचायला लागले. "बघ गो, वितळला!" आपला फ्रिज बंद पडल्याचा इतका आनंद झालेला माणूस मी पाहिला नव्हता.

उपाय मात्र मी काढला, हे इथे स्पष्ट लिहिते. खालच्या कप्प्यात एक छोटा जुन्या पद्धतीचा, गरम होणारा बल्ब लावायचा. कप्पा थोडा कोमट झाला की फ्रिजला वाटणार, आता काम आहे. गार होण्यासाठी त्याला आधी थोडं गरम करायचं. तात्यांनी बल्ब आणला, मी वायर बसवली, दार लावलं. थोड्या वेळाने फ्रिज गुरगुरला. दुसऱ्या दिवशी ट्रेमध्ये बर्फ, आणि सुरमई दगडासारखी. शेठने स्वतः येऊन ती ठोकून बघितली आणि आम्हाला किवी खायला दिली. मला पदवी मिळाली त्या दिवशी वाटलं होतं, तसं वाटत होतं.

फ्रिज घरी आला. काकींनी त्याला ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं. रविवारी सकाळी प्रसादचा फोन यायचा, म्हणून मी मुद्दाम त्या वेळी गेले. दूध परत द्यायचं निमित्त. खरं कारण, माझं नाव कॅनडात जाताना मला ऐकायचं होतं.

फोन स्पीकरवर होता. "बाबा, या आठवड्यात परत वितळलं सगळं. कोलंबी फेकली. काय करू?"

तात्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, "असं कर, फ्रिज भिंतीपासून जरा पुढे ओढ. आणि वरून गोधडी घाल. आठवडाभर बघ. मग सांग मला."

"गोधडी?"

"गोधडी. आणि बाटल्या भरून ठेव खाली. किती बाटल्या बसतात ते सांग. थांब, कप्पा केवढा आहे? टेप आण."

प्रसादने टेप आणली. चाळीस मिनिटं तात्या त्याच्याकडून मापं घेत होते. बल्बचं नाव नाही.

फोन ठेवल्यावर माझा तोल सुटला. "तात्या, उपाय तर सापडलाय आपल्याला. सांगितला का नाही? की मी काढला म्हणून?"

"तसा नाय गो."

"मग कसं? पोरगा तिथे मासे फेकतोय."

तात्यांनी चष्मा काढला आणि बनियनच्या टोकाने पुसत राहिले. "सांगलंय तर संपला," ते म्हणाले. "तुका म्हायत नाय. आधी फोन यायचा. जेवलास? हो. बरा आहेस? हो. थंडी? आहे. ठेवू? ठेव. झाला. मी दिवसभर आठवत बसायचो, की काय काय विचारायचं राहिलं." चष्मा डोळ्यांवर चढला. "आता तो माका विचारता. 'बाबा, काय करू?' शाळेत होता तेव्हा विचारायचा. कंपास घरी राहिली, बाबा, काय करू. बल्ब लावल्यार फ्रिज चालतलो. मग तो कशाक फोन करतलो?"

काकी आतून सगळं ऐकत होत्या. नेहमी तोंड चालणारी बाई. त्या दिवशी त्यांनी नुसता नळ सोडला आणि धुतलेलं भांडं परत धुतलं.

बल्बचं मीही प्रसादला सांगितलं नाही. पुढचे काही रविवार आमचा फ्रिज, म्हणजे प्रसादचा, वेगवेगळ्या रोगांतून गेला. गोधडी काढली, थर्माकोल लावला. थर्माकोल काढला, फ्रिजखाली फळी घातली. तात्या आठवडाभर नवीन उपाय शोधायचे, असा की जो थोडा चालेल आणि मग चालणार नाही. हे काम सोपं नव्हतं. मलाच येऊन विचारायचे, "हा लागू पडणार नाही ना? बघ हां, नक्की सांग." आणि मी, बीएस्सी फिजिक्स, माझ्या विषयाला धरून नक्की सांगायचे. प्रसाद कधी हसायचा, कधी वैतागायचा. एकदा त्याने फोन गॅरेजभर फिरवून दाखवला. खिडकीबाहेर दिव्याच्या उजेडात दिसणारं पांढरं अंगण बघायला काकी ओले हात घेऊन धावल्या.

परवाच्या रविवारी मी तिथेच होते. प्रसाद खुशीत होता.

"बाबा, जुना फ्रिज काढून टाकला. सेल होता, नवीन फ्रीझर आणला. गॅरेजसाठीच बनवतात, कितीही थंडी असू दे. तुम्हाला उगाच किती त्रास दिला मी. आता टेन्शन घ्यायचं नाही."

"टाकलास?" तात्या म्हणाले. मग घाईघाईने, "अरे, त्याला बल्ब लावायचा. खालच्या कप्प्यात. बल्ब लावला की चालतो तो."

"बल्ब? मग आधी सांगायचं ना, बाबा! इतके मासे फेकले."

मी जमिनीकडे बघत होते.

"नवा आवाज करता काय?" तात्यांनी विचारलं.

"अजिबात नाही."

"खाली पाणी साचतं?"

"नाही, बाबा."

"दार घट्ट बसतं? नवीन असलं की कधी कधी..."

"मस्त बसतं. सगळं मस्त आहे."

तात्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. "गॅरंटी किती?"

"दहा वर्षं."

"दहा," तात्या म्हणाले, आणि काकींकडे बघितलं.

"हो ना. दहा वर्षं आता बघायलाच नको."

"नको," तात्या म्हणाले. "जेवलास?"

"हो, बाबा."