मास्तरांचं उरलेलं वाक्य

आक्कांनी आजवर कुणापुढे हात पसरला नव्हता, आणि सरकारपुढे पसरायचा तर प्रश्नच नव्हता. अर्ज केला तो सुनेने, परस्पर; त्यात 'घरात वृद्ध आजारी' एवढंच लिहिलं होतं. घरातल्या आजारी माणसाचं करणाऱ्याला सरकार थोडे पैसे देतं, वर मदतीला बाई पाठवतं, असं तिच्या कानावर आलं होतं.

"आई, उद्या ऑफिसातल्या बाई घर बघायला येतायत."

"येऊ दे की. माझं घर बघून चार गोष्टी शिकून जाईल."

पण संध्याकाळी शेजारीण कुजबुजली, "जपून हं आक्का. घरच्यांना झेपत नाही असं दिसलं, की उचलतात माणूस आणि ठेवतात संस्थेत. मग बसा बाहेरून, खिडकीतून बघत."

मास्तर म्हणजे आक्कांचे यजमान, जन्मभर शिलाई मशीन चालवलेले. झटका आला, उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरलं एकच वाक्य: "मी बघतो." नळ गळो की छप्पर, मास्तर जन्मभर हेच म्हणायचे आणि नुसते बघत बसायचे. कामाचे शब्द सगळे गेले, हे तेवढं चिवट निघालं.

रात्रभर आक्कांना डोळ्यापुढे ती खिडकीच दिसत होती. सकाळी त्यांनी मास्तरांची दाढी केली, त्यांनीच शिवलेला कोट चढवला, लुळा हात खिशात कोंबला, उजवीकडून उशीचं टेकण दिलं, गळ्यात मापाची टेप अडकवली. माणूस कसा, आत्ता उठून गिऱ्हाइकाचं माप घेईल! राहिली संडासाची खुर्ची. ती कपाटामागे लपवायला उचलली आणि आक्कांच्या पाठीत अशी चमक भरली की बाई काटकोनातच राहिली.

तेवढ्यात बेल वाजली.

"बसा ना आजी," ऑफिसातल्या बाई म्हणाल्या. बसता आलं असतं तर आक्का कशाला उभ्या राहिल्या असत्या? एक हात कमरेवर, केस सुटलेले. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग कोटातल्या मास्तरांकडे.

"आजींना उठवतं-बसवतं कोण?"

"मी बघतो," मास्तर म्हणाले.

सुनेने तोंड उघडलं. आक्कांनी वाकल्या वाकल्याच तिच्या पोटरीला चिमटा काढला.

"अंघोळ? औषधं?"

"मी बघतो."

"आणि रात्री?"

"मी बघतो." मास्तर अर्ध्या तोंडाने हसले.

बाईंचे डोळे पाणावले. "असा नवरा नशिबाने मिळतो, आजी."

या माणसाने उभ्या जन्मात स्वतःचा पेला उचलला नव्हता. आक्कांनी सगळं गिळलं. "हो," त्या म्हणाल्या, "फार करतात माझं."

बाई दारात पोचल्यावर मात्र आक्कांना राहवलं नाही. "यांना... नेणार नाही ना कुठे?"

"छे हो! माणूस घरीच राहावा म्हणून तर आम्ही मदत देतो."

आक्का जमिनीकडे बघत राहिल्या. दुसरीकडे बघता येतच नव्हतं.

मदत मंजूर झाली, करणारे म्हणून मास्तरांच्या नावावर. मदतनीस आली ती थेट आक्कांना पालथं झोपवून पाठ शेकायला बसली. त्या पाठीची चौकशी घरात कुणी कधी केली नव्हती.

सून कानाशी वाकली. "आई, ऑफिसात जाऊन खरं सांगायला हवं. कोण सांगणार?"

"मी बघतो," खुर्चीतून आवाज आला.

आक्कांनी डोळे मिटले. "ऐकलंस ना? हे बघतायत. तू घाई करू नकोस."