दारात अडकलेला सोफा

सोफा रेल्वेच्या डब्याच्या दारात अडकला तेव्हा इंदूबाई बाहेर होत्या आणि त्यांचा सुतार बाबूसिंग आत होता.

"बाबूसिंग भाऊ, जरा तिरपा करा."

"तिरपाच आहे, बाई."

"मंग सरळ करा."

"सरळ केला म्हणून तर फसला!"

बाहेरच्या गड्यांनी ढकलून पाहिलं, बाबूसिंगनं आतून ओढून पाहिलं. सोफा पुढे जाईना, मागे येईना. दाराच्या चौकटीत तो असा घट्ट बसला, जणू दार सोफ्याच्याच मापाचं केलं होतं.

दारव्ह्याच्या स्टेशनात बाजूच्या रुळावर जुन्या छोट्या गाडीचे डबे उभे होते. गाडी बंद पडून वर्षं लोटली होती. आता तिची सहलीची गाडी व्हायची होती, आणि नागपूरच्या एका पर्यटन कंपनीनं पहिला डबा सजवायचं काम इंदूबाईंना दिलं होतं. हा पसंत पडला तर बाकीचे डबेही त्यांचेच. नवऱ्यामागे फर्निचरचं दुकान त्यांनी एकटीनं चालवलं, पण गिऱ्हाइकं सगळी लग्नातल्या पलंग-कपाटांची. रेल्वेचा डबा मिळाल्यावर त्यांनी ती बातमी आठवडी बाजारात भाजीवाल्यांनासुद्धा सांगितली होती.

डब्याची लांबी, रुंदी, उंची त्यांनी स्वतः टेप लावून घेतली. सोफे आत चपखल बसणार होते. फक्त ते आत जाणार कसे, हे मोजायचं राहिलं. बरं, सोफे सुटे करावेत तर तीही सोय नव्हती. "खिळा नाही, स्क्रू नाही, पिढ्या बसतीन याच्यावर," असं बजावून त्यांनीच सागवानाचे सांधे कायमचे पक्के करून घेतले होते.

"बाई," आतून आवाज आला, "मी बाहेर कसा येऊ?"

इंदूबाईंनी पलीकडच्या दाराकडे पाहिलं. त्या दाराला त्यांनीच आतून चहाचं कपाट ठोकून घेतलं होतं. खिडक्यांना गज होते. दुपारी बाबूसिंगची भाकर आणि ठेचा गजांतून आत गेला. पाण्याची बाटलीही गेली. पाणी प्यायल्यावर मात्र बाबूसिंगचा चेहरा गंभीर झाला.

"बाई, आता लवकर काहीतरी करा लागते."

मग त्यानं आतूनच करवत चालवली. दाराशेजारचा लाकडी खांब थोडा कापला की सोफा सुटेल, असा हिशेब होता. खांबावर ताजा रंग चकाकत होता, पण रंगामागे वाळवीनं खांब कधीच संपवला होता. करवत लोण्यात शिरावी तशी शिरली. बाहेरच्यांनी सोफा ओढला. सोफा सुटला. त्याच्यामागून खांब आला, खांबामागून खिडकी, आणि खिडकीमागून डब्याची ती अख्खी बाजू सावकाश वाकली आणि धाडकन खाली पडली.

गडी आधीच पळाले होते. धूळ बसली. छत लोखंडी कमानींवर जागच्या जागी होतं. त्याखाली करवत धरून बाबूसिंग उभा होता.

"याडी ये!" त्यानं आपल्या बंजारा बोलीत आईला हाक मारली आणि उडी मारून तो पळसाच्या झाडामागे धावत गेला.

इंदूबाई रुळाशेजारी मटकन खाली बसल्या. तेवढ्यात फोन वाजला. कंपनीच्या अर्पिता मॅडम होत्या.

"मावशी, साहेब सोमवारी नाही, उद्याच येताहेत. चाचणीचं इंजिनही उद्याच मिळतंय. डबा तयार आहे ना?"

इंदूबाईंनी पडलेल्या भिंतीकडे पाहिलं. "हाओ," त्या म्हणाल्या. "एकदम मोकळा झाला."

भिंत पुन्हा उभी करणं शक्य नव्हतं, तिचा भुगा झाला होता. पण नसलेल्या भिंतीतून सोफे मात्र झपाझप आत गेले. आता माणसं बाहेर पडू नयेत म्हणून कठडा हवा होता. तो एका दिवसात कोण करून देणार? इंदूबाई घरी गेल्या आणि स्वतःच्या गॅलरीचा नवाकोरा, मोरांचा कठडा काढून घेऊन आल्या. सोफ्यांची तोंडं उघड्या बाजूला फिरवली, कारण तसे ठेवले तरच कठडा बसत होता.

दुसऱ्या दिवशी अर्पिता मॅडमनी डबा पाहिला आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. सोबतच्या इंजिनिअरनं कमानी ठोकून पाहिल्या, कठडा हलवून पाहिला, म्हणाला, "सावकाश चालवली तर धोका नाही." साहेब चढले आणि सोफ्यावर बसले. इंदूबाई कोपऱ्यात उभ्या राहिल्या.

इंजिननं शिट्टी दिली. गाडी इतकी हळू निघाली की बाजूनं चालणारं कुत्रं पुढे गेलं. गावाबाहेर कापूस वेचणं चालू होतं. पोटाशी कापसाची ओटी बांधलेली एक म्हातारी, मैनाबाई, कमरेवर हात देऊन उभी राहिली, आणि मग चक्क गाडीसोबत चालू लागली.

"सुरू झाली का जी गाडी?"

साहेब सोफ्यावर पुढे सरकले. "होऊन राह्यली, आजी!"

"लय दिवस लावले बाप्पा! घ्या, बोरं खा."

तिनं मोरांच्या कठड्यावरून ओंजळभर बोरं साहेबांच्या हातात टाकली. साहेब बोरं खात राहिले, हात हलवत राहिले. परत आले तेव्हा शर्टावर कापूस चिकटला होता आणि चेहरा उजळला होता.

"मी काचा बघून कंटाळलो होतो, इंदूबाई. सगळीकडे काच, एसी, पडदे. हे सुचलं कसं तुम्हाला?"

इंदूबाईंनी बाबूसिंगकडे पाहिलं. बाबूसिंगनं मोरांकडे पाहिलं.

"सुचलं नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "पडलं."

साहेब खो खो हसले. त्यांना वाटलं, बाई विनोद करतात. "सगळे डबे असेच करा! आणि त्या पुढच्या डब्याची भिंत आत्ताच काढून दाखवा. मला पाहायचंय."

बाबूसिंगनं खांबावर करवत चालवली. दात बोथट झाले. पहार घातली, पहार वाकली. गड्यांनी खांदे लावले. भिंत जराही हलली नाही. आतून अस्सल, निरोगी सागवान निघालं.

"बाई," तो घाम पुसत कुजबुजला, "हे तं पक्की आहे. पडत नाही."

कालपासून पहिल्यांदाच इंदूबाईंना मनापासून हसू आलं. त्यांनी पदर खोचला आणि पहारीचं दुसरं टोक धरलं.

"पडत नाही तं नाही. हिले आपण ठरवून पाडू."