पुंडलिकरावांचा दोरा तुटला

"दोऱ्यातलं मले कोणी शिकवू नये! सत्तावीस वर्षं सूतगिरणीत काढली हायेत मी!"

धर्मपालभाऊ हे वाक्य यवतमाळच्या बाजारात, देवीलालच्या मॅचिंग सेंटरमध्ये इतक्या जोरात बोलले की अस्तराचं कापड पाहणाऱ्या दोन बाया दचकून मागे वळल्या. वाक्य खोटं नव्हतं. सत्तावीस वर्षं ते सूतगिरणीत होतेच. फक्त गेटवर होते! अंगात खाकी ड्रेस, खिशात शिट्टी आणि पुढ्यात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायचं रजिस्टर. सूत त्यांनी पाहिलं ते ताडपत्रीखाली झाकलेलं, ट्रकमधून बाहेर जाताना. पण एवढा तपशील दुकानदाराला कशाला सांगायचा?

त्यांनी एक रीळ उचललं, हातभर दोरा सोडला, कानाजवळ नेऊन ताणला. टच्‌कन तुटला.

"आवाज बरा नाही," धर्मपालभाऊ म्हणाले.

"काका, दोरा हाये तो, तबला नाही," देवीलाल म्हणाला.

दुसरा दोरा त्यांनी जिभेवर धरला. तिसरा उजेडात धरून एक डोळा मिटला. चौथ्यासाठी खिशातून माचिस काढली. सुती दोरा जळला की कागदासारखा वास येतो, हे गेटवर कुणीतरी बोलताना त्यांनी ऐकलं होतं. देवीलालने काउंटरवरून झेप घेऊन माचिस हिसकावली. "दुकान जाळता का माह्यं! दोरा घ्यायले आले का पोरगी पाह्यले? अर्धा तास झाला!"

"पोरीसाठीच पाहून राह्यलो," धर्मपालभाऊ म्हणाले, आणि हातातलं रीळ काउंटरवर ठेवलं.

पोरगी म्हणजे पायल, त्यांची एकुलती एक. वर्ध्याला दिलेली. तिला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेर म्हणायला तिथे उरलं होतं काय? यवतमाळलगतच्या लोहाऱ्यातलं दोन खोल्यांचं घर, दारातलं निंबाचं झाड आणि धर्मपालभाऊ. हंसाबाईला जाऊन दोन वर्षं झाली होती. पायलची सासू विमलताई फोनवर म्हणाली, "तिथं कोन करन तिचं, भाऊ? इथंच होऊ द्या." धर्मपालभाऊ म्हणाले, "बरोबर हाये तुमचं." फोन ठेवला आणि पंख्याकडे पाहत संध्याकाळपर्यंत तसेच बसून राहिले. पंखा बंद होता.

मग त्यांनी ठरवलं. माहेर पायलकडे जाईल! हंसाबाईच्या मशीनवर आपल्या हाताने बाळासाठी दुपटं शिवायचं. कापड हंसाबाईच्याच दोन जुन्या सुती पातळांचं, आणि दोरा असा की नातवंडाचं लग्न झालं तरी उसवू नये!

शेवटी सात प्रकारची सात पांढरी रिळं घेऊन ते घरी आले. रंग सुटतो का पाहावं म्हणून सातही रिळं एका बादलीत भिजवली. पांढऱ्या दोऱ्यातून रंग तो काय सुटणार! रिळांवरची लेबलं मात्र सुटली. सकाळी पाहतात तर लेबलं वर तरंगतायत आणि खाली सात रिळं, जुळ्या-तिळ्या भावंडांसारखी एकसारखी!

आता ओळखायची कशी? नंबर द्यायचे, हे कुणालाही सुचलं असतं. पण आयुष्यभर रजिस्टरमध्ये माणसांची नावं लिहिलेल्या धर्मपालभाऊंना नंबरात मजा वाटेना. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या सात चिठ्ठ्या फाडल्या आणि गल्लीतल्या सात जणांची नावं लिहिली. भिंतीपलीकडच्या मथुराबाई, समोरचे पुंडलिकराव, बाकी आजूबाजूचे पाच. ही सगळी माणसं त्यांना फाटकातून रोज दिसायची. कोण किती वाजता दूध आणतं, कुणाची गाडी किती किका मारल्यावर सुरू होते, सगळं पाठ. बोलणं मात्र हंसाबाई गेल्यापासून "बरं हाये ना?" आणि "हो हो" यापलीकडे जात नसे. मंडळी शेवटची घरात आली होती ती ती गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला.

मग निंबाच्या फांदीला सात दोरे टांगले. प्रत्येकाच्या टोकाला दुधाची रिकामी पन्नी, पन्नीत रेती आणि वर चिठ्ठी; तेच नाव रिळावरही. नियम असा की रोज सकाळी प्रत्येक पन्नीत एक मूठ रेती वाढवायची. जो शेवटपर्यंत टिकेल, तो दोरा दुपट्याला!

तुम्हाला हे शास्त्रीय वाटेल. धर्मपालभाऊंनाही वाटलं. पण रस्त्यावरून पाहणाऱ्याला काय दिसत होतं? निंबाच्या झाडाला टांगलेले दोरे, त्याला लोंबणाऱ्या थैल्या आणि थैल्यांवर गल्लीतल्या माणसांची नावं!

त्यात आणखी एक भर पडली. माणूस एकटा राहिला की कशाशीही बोलतो. धर्मपालभाऊ दोऱ्यांशी बोलायला लागले. दोन वर्षांत पहिल्यांदा सकाळी उठायला काहीतरी कारण मिळालं होतं. तोंड धुतलं की रेतीचं घमेलं घेऊन झाडाखाली हजर!

"काय मथुराबाई, झोप लागली का? तुमी तर लय चिवट निघाल्या बाप्पा!"

भिंतीपलीकडे भांडी घासत असलेल्या मथुराबाईंचा हात थांबला.

"अन् पुंडलिकराव, तुमचं काही खरं दिसत नाही जी. बारीक झाले. आज आणखी एक मूठ टाकतो. पाहू किती दिवस काढता!"

मथुराबाईंच्या हातातलं पातेलं खाली पडलं. त्यांनी भिंतीवरून हळूच डोकं वर काढलं. निंब पाहिला, थैल्या पाहिल्या, आणि आपलं नाव वाचलं. मथुराबाई चौथीपर्यंत शिकल्या होत्या, आणि त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा वाटलं की शिकले नसते तर बरं झालं असतं.

तरी त्या तीन दिवस गप्प राहिल्या. म्हणजे फक्त चार घरी सांगितलं.

चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला 'पुंडलिकराव' तुटले. पन्नी फटकन खाली आली, रेती सांडली. आणि त्याच वेळी समोरच्या घरात खरे पुंडलिकराव, गॅसचं भरलेलं सिलिंडर सरकवायला वाकलेले, "मेलो गा माय!" असं ओरडून वाकलेलेच राहिले. कंबरेत चमक भरली!

मथुराबाईंनी दोन्ही पाहिलं. यापेक्षा मोठा पुरावा तो काय असतो!

"दोरा तुटला अन् कंबर गेली!" अर्ध्या तासात सगळी गल्ली हेच बोलत होती. पुंडलिकरावांची कॉलेजात जाणारी नात वैष्णवी हिने आजोबांना उठवायच्या आधी झाडाचा फोटो काढला आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हे काय चालू आहे आपल्या गल्लीत?" फोटो तिथून कुठे कुठे गेला ते मोबाइललाच माहीत.

धर्मपालभाऊ आत मशीनला तेल देत होते. फाटकाशी गलका ऐकून बाहेर आले तर पंधरा-वीस माणसं! एवढी माणसं फाटकाशी एकदाच उभी राहिली होती, हंसाबाईला न्यायच्या दिवशी. पायलला काही झालं की काय?

"काय झालं जी? पोरीचा फोन आला का कोणाले?"

पुढची माणसं एक पाऊल मागे सरकली. पण रडत कुणी नव्हतं. म्हणजे पायल बरी होती! मग एवढी माणसं आपल्याकडे सहज आली? धर्मपालभाऊंचा चेहरा असा फुलला की समोरचे दोन जण आणखी मागे सरकले.

"अरे मग बाहेर काहून उभे? या ना! बसा! चहा टाकतो!"

"कोनी चहा पिऊ नका!" मथुराबाई ओरडल्या. "त्याच्या हातचं पाणीही घेऊ नका!"

धर्मपालभाऊ होते तिथेच थांबले. आत जायला वळलेला त्यांचा एक पाय दारात आणि एक ओट्यावर राहिला.

मग गर्दी दुभंगली आणि पुंडलिकराव आले. चालत नव्हे, प्लास्टिकच्या खुर्चीसकट दोघांनी उचलून आणलेले, नवरदेवासारखे. कंबर धरून ते कण्हले, "धर्मपालभाऊ, मी तुमचं काय वाईट केलं? कायले मले तोडलं?"

"मी तोडलं? तुमी आपोआप तुटले!" धर्मपालभाऊ बोलून गेले, आणि गर्दीतून "बाप रे!" असा आवाज उठला.

"म्हणजे कबूल हाये!" मथुराबाई म्हणाल्या. "माह्याही थैलीत रोज मूठ मूठ टाकते हा! तवाच म्हटलं, माहे गुडघे काहून दुखून राह्यले!"

आता कुठे धर्मपालभाऊंच्या डोक्यात उजेड पडला. करणी! जादूटोणा! त्यांच्यावर! ज्या माणसाने उभ्या जन्मात लिंबू कापलं ते फक्त सरबतासाठी, बुवाकडे जाणाऱ्या पाहुण्यांशी ज्याने दोन-दोन तास भांडण केलं, त्याच्यावर!

"अहो, दोऱ्याची परीक्षा हाये ते! दोऱ्याले तुमचं नाव ठेवलं म्हणून तुमाले नावं ठेवली काय जी मी!"

"मंग आमचीच नावं कायले?"

याचं उत्तर खरं तर सोपं होतं. पण ते वीस माणसांसमोर कसं सांगायचं?

तेवढ्यात कोपऱ्यावर राहणारी बिजलीबाई गर्दी सारून पुढे आली. तिने सातही चिठ्ठ्या एकेक करून वैष्णवीकडून वाचून घेतल्या, मग कंबरेवर हात ठेवून कडाडली, "माह्या नावाचा दोरा कुठी हाये?"

"अं?"

"सगळ्यांचा हाये, माह्याच नाही! मी काय या गल्लीत राहत नाही? वीस वर्षं झाली मले!"

"सातच रिळं होती, बिजलीबाई..."

"आठवं आणलं असतं!" बिजलीबाई तणतणत ओट्यावर बसली. "आणा तो चहा. माह्या नावाचा दोराच नाही, मले काय होते!"

त्याच क्षणी धर्मपालभाऊंचा फोन वाजला. वर्ध्याहून पायल! फोनवरचं नीट ऐकू येत नाही म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर.

"बाबा! काय करून राह्यले तुमी तिथं? इथं सगळ्याईनं फोटो पाह्यला! सासूबाई विचारून राह्यल्या, तुहे बाबा असं कवापासून करतात! काय सांगू मी त्याईले?"

धर्मपालभाऊंनी फोन दोन्ही हातांत धरला. "बाई, दुपटं शिवत होतो. तुह्या लेकरासाठी. तुही माय असती तर तिनं शिवलं असतं. मले दोऱ्यातलं..." ते अडखळले. "मले काही समजत नाही दोऱ्यातलं. म्हणून टांगून पाह्यले. अन् लेबलं निघाली, म्हणून नावं देली. दिवसभर बोलाले कोनी नसते ना बाई. दोऱ्याले नंबर असला तर बोलता येत नाही."

फाटकापाशी मथुराबाईंनी पदर उगाच नीट केला.

"बाबा," पायल म्हणाली, "जेवले का?"

"जेवतो आता."

फोन बंद झाला. मग मथुराबाई फाटक ढकलून आत आल्या, थेट झाडापाशी गेल्या आणि आपल्या नावाचा दोरा बोटांत धरला.

"हा टिकला?"

"बाकीचे ताणले, हा तसाच हाये! तुमीच पह्यल्या!"

मथुराबाईंचा चेहरा क्षणभर उजळला. मग त्यांनी तो दोरा गालावर घासला आणि तोंड वाकडं केलं. "हा तर नायलॉनवानी हाये. कच्च्या लेकराचं आंग सोलून काढन हा! पोतं शिवाले बरा हाये." त्यांनी खाली पडलेला तुटका दोरा उचलला, तोही गालावर घासला. "हा पाहा, मऊ. सुती. लेकराले असा पाह्यजे. दुपट्यात काय रेती भरायची हाये तुमाले?"

"म्हणजे माहा?" पुंडलिकराव खुर्चीतून ताठ झाले, आणि "आई गं" म्हणून पुन्हा वाकले. "सांगतलं होतं ना मी! माह्या दोऱ्यात दोष नव्हता! गाठ ढिली होती!"

त्यांनी असं कुणालाच सांगितलं नव्हतं. पण आता चहा आला होता. कप चारच होते, म्हणून बाकीच्यांना पेल्यांत, वाट्यांत, एकाला तर दाढीच्या मगातून मिळाला. मग बाया मशीनपाशी गेल्या. धर्मपालभाऊंनी शिवलेला एक कोपरा मथुराबाईंनी हलकेच ओढला, तर पातळाच्या दोन्ही घड्या वेगळ्या झाल्या आणि दोरा तेवढा हातात आला.

"भाऊ, खालच्या बॉबिनमधी दोरा भरला होता का?"

"खालीही लागते?" धर्मपालभाऊंनी विचारलं.

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. मथुराबाईंनी दोन्ही पातळं काखेत मारली, सुती रीळ कमरेला खोचलं. "राहू द्या तुमी. आमी हातानं टाके घालतो. तीन दिवसांत होते."

आणि सगळी माणसं गेली. अंगणात सांडलेली रेती, ओट्यावर अठरा उष्टी भांडी आणि मशीनवर काहीच नाही. महिनाभर पुरेल असं काम एका सकाळीच लोक घेऊन गेले होते. धर्मपालभाऊंनी भांडी धुतली. मग पुसली. मग पुसलेली पुन्हा धुतली. भिंतीपलीकडून बायांचं हसणं ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्यांनी हंसाबाईची कात्री घेतली आणि मथुराबाईंच्या दारात उभे राहिले. "कात्री लागते का म्हटलं."

"कात्री हाये," मथुराबाई म्हणाल्या. चटईवर चार बाया बसलेल्या, मधे दुपटं पसरलेलं. बाजूला खाटेवर पुंडलिकराव कंबरेला शेक घेत पालथे पडून देखरेख करत होते. "पण सुया ओवाले कोनी नाही. आमचे डोळे गेले. तुमाले दिसते का?"

"मले?" धर्मपालभाऊ चपला काढत म्हणाले. "गेटवरून ट्रकचा नंबर वाचत होतो मी!"

ते भिंतीला टेकून बसले. सुई उजेडात धरली, एक डोळा मिटला, दोरा ओला केला आणि पुढे नेला. पहिल्याच फटक्यात आरपार गेला!

बाया आपल्या बोलण्यात होत्या. कुणाचं लक्ष नव्हतं. धर्मपालभाऊंनी ओवलेली सुई पाहिली, चटई पाहिली, दारातल्या आपल्या चपला पाहिल्या. मग हळूच दोरा परत बाहेर ओढला.

"झालं का, भाऊ?" मथुराबाईंनी न पाहता विचारलं.

"नाही ना बाप्पा," धर्मपालभाऊ सुस्कारा सोडून म्हणाले. "वेळ लागन. दोराच खराब दिसते."

"कोनाचा दोरा खराब?" पुंडलिकराव खाटेवरून गरजले.