परत मागितलेलं वाण

दुपारचे साडेतीन वाजले होते. चार वाजता बायका हळदीकुंकवाला येणार होत्या, आणि शालिकरामभाऊ वाणाच्या चोवीस गाळण्या आणायला जाऊन मिशीला झणझणीत रस्सा घातलेल्या तर्रीपोह्याचा वास तेवढा घेऊन परत आले होते.

"बाबा, गाळण्या?" मयुरीने विचारलं.

मयुरी म्हणजे नवी सून. तिची या घरातली ही पहिली संक्रांत. सासूबाई, म्हणजे कुसुमताई, दोन दिवसांसाठी रामटेकला गेलेल्या, नवरा पंकज ड्युटीवर. तेव्हा लकडगंजच्या ठोक बाजारातून स्टीलच्या गाळण्या आणायच्या, एवढं एकच काम सासऱ्यांवर सोपवलं होतं. भाऊंनी गाळण्या घेतल्याही होत्या. पण वाटेत रुपराव हा जुना मित्र भेटला, त्याने आग्रहाने पोहे खायला नेलं, आणि गाळण्यांची पिशवी रुपरावाच्या स्कूटरच्या हुकाला लटकून त्याच्या घरी गेली.

"त्याले फोन लावा ना मंग!"

"लावला वं. जेवून झोपला असन. रुपराव झोपला का त्याले यमही उठवू शकत नाही."

आता काय करावं? भाऊंनी घरात शोधाशोध सुरू केली. स्वयंपाकघरात चोवीस सारख्या वस्तू म्हणाव्यात तर फक्त तिळाचे लाडू होते. शेवटी बेडरूममधल्या कपाटावर एक फुगीर कापडी पिशवी सापडली. उघडून पाहतात तर काय, आत हाताने विणलेल्या गोल, मऊ, कापूस भरलेल्या वस्तू! तळहातात मावतील एवढ्या, कुणी बदामी, कुणी गव्हाळ, कुणी चहाच्या रंगाची, आणि प्रत्येकीच्या मधोमध एक लहानशी गाठ. मोजल्या तर बरोबर चोवीस.

"पिनकुशन आहे," भाऊंनी निकाल दिला. "तुह्या सासूनं तुह्याचसाठी करून ठेवले असन. अन् सूत पाह्य, अस्सल सुती. मीच आणून देलं."

सूत त्यांनीच आणून दिलं होतं, हे खरं. उमरेडला वडिलांचा हातमाग होता. भाऊंनी आयुष्य वीज मंडळात कारकुनीत काढलं, तरी सुताचा पोत ते डोळे मिटून सांगत. कुसुमताईंना अंगाला टोचणार नाही असं मऊ सूत हवं होतं, तर त्यासाठी त्यांनी चार दुकानं पालथी घातली होती. ते कशासाठी हवं, हे मात्र विचारलं नव्हतं. कुसुमताईंच्या 'सोबतीण' संस्थेबद्दल ते काहीच विचारत नसत. आठ वर्षांपूर्वी कुसुमताईंना कॅन्सर झाला, ऑपरेशन झालं, त्या बऱ्या झाल्या, आणि पुढे त्याच आजारातून उठलेल्या बायकांसाठी काम करू लागल्या. भाऊ दर बुधवारी त्यांना संस्थेच्या फाटकापर्यंत सोडत आणि समोरच्या पानठेल्यावर दोन तास बसून राहत. 'कॅन्सर' हा शब्द त्यांनी कधी तोंडातून काढला नाही. घरात त्या आजाराला 'त्या टायमाले' म्हणत.

चार वाजता वाटलेलं ते वाण फार गाजलं. सिंधूताई म्हणाल्या, "किती नाजूक काम वं!" शोभाताईंनी गालाला लावून पाहिलं. नाक मुरडलं ते एकट्या इंदुताईंनी, पण त्या कशालाच चांगलं म्हणत नसत. इंदुताई म्हणजे विणकर कॉलनीचं कडक प्रकरण. घरात दोन धष्टपुष्ट मांजरी, जिभेवर तिखट, आणि अंगावर बारा महिने तेरा काळ शाल. मे महिन्यात नागपुरात कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात, तेव्हाही यांची शाल उतरत नसे. मागून बायका हसत, समोर हसायची कुणाची टाप नव्हती.

दुसऱ्या दिवशी रविवारी सकाळी कुसुमताईंचा फोन आला.

"अवो, आयका. कपाटावर एक पिशवी आहे, तेवढी उतरवून ठेवा. मी दुपारी येऊन राहिले. उद्या संस्थेत बाया येणार आहेत."

"ते पिनकुशनवाली ना?" भाऊंनी खुशीत विचारलं.

"काय वाली?"

मग कुसुमताई शांतपणे म्हणाल्या, "पिनकुशन नाही ते. ज्या बायांची छाती काढा लागते ना, त्यांच्यासाठी आहे. ब्लाउजात ठेवाले. बाजारातलं जड असते, महाग असते, उन्हाळ्यात घामानं अंग सोलून काढते. म्हणून आम्ही सुती विणतो. मीही तेच घालतो आता. पहिले रुमालाचा गोळा ठेवत होतो."

भाऊ खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं.

"अन् पाहा, त्यातलं चहाच्या रंगाचं सगळ्यात मोठं जे आहे ना, ते कुही गावच्या माया नावाच्या बाईचं. तिच्या पोरीचं लग्न आहे येत्या रविवारी. वर्ष झालं, ते बाई घराच्या बाहेर पडली नाही. मांडवात मी अशी कशी उभी राहू, म्हणते. मी तिले शब्द देला, तुह्या मापाचं करून ठेवतो म्हणून. तेवढ्यासाठी येऊन राहिली ते. सांभाळून उतरवा."

"हाव. उतरवतो," भाऊ म्हणाले आणि फोन ठेवला.

कितीतरी वर्षं अंगणातल्या दोरीवर दिवसाआड रुमाल वाळत असे. भाऊंना वाटायचं, बाईला सर्दी फार होते. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की मयुरीशी बोलायलाही पाच मिनिटं लागली.

"खरं सांगून परत मागू," मयुरी म्हणाली.

"कॉलनीत? मी? बायांले?" भाऊ म्हणाले. "अन् देलेलं वाण परत मागते काय कोणी? काही तरी कारण लागन." त्यांनी दोन मिनिटं विचार केला, आणि तिथेच घात झाला. "सांगू का एखाद्यात सुई राहून गेली!"

एव्हाना रुपराव झोपेतून उठून गाळण्या पोचत्या करून गेला होता. ती पिशवी घेऊन सासरा-सून बाहेर पडले. एक वाण घ्यायचं, एक गाळणी द्यायची, असा बेत होता.

सिंधूताईंनी त्या मऊ गोळ्याची बाळकृष्णाला गादी केली होती. देव्हाऱ्यात देव मजेत बसले होते. 'सुई' हा शब्द ऐकताच सिंधूताई किंचाळल्या, "अवं माय! माह्या कान्ह्याले टोचली असती म्हणजे?" त्यांनी देवाला उचललं, उलटंसुलटं करून तपासलं, गादी परत दिली, गाळणी ठेवून घेतली आणि भाऊंची पाठ वळताच कॉलनीच्या मोबाईल ग्रुपवर बातमी टाकली.

दुसरं घर गोपाळरावांचं. दार त्यांनीच उघडलं. गोपाळरावांच्या गुडघ्यावर क्रेप बँडेज होतं, आणि त्याच्या आडून चहाच्या रंगाचं, सगळ्यात मोठं ते मायाचं डोकावत होतं.

"भाऊ, काय चीज देली गा तुम्ही!" गोपाळराव म्हणाले. "कालपासून गुडघ्याले असा आराम पडला! डॉक्टरचे दोन हजार वाचले."

"पण त्यात सुई राहिली असन, गोपाळराव."

"असन तर असू द्या. ॲक्युपंक्चर होऊन जाईन."

"त्याच्या बदल्यात गाळणी घ्या."

"गाळणी गुडघ्याले बांधू काय? देलेलं वाण परत घेऊन राहिले तुम्ही, लाज नाही वाटत?" आणि दार बंद झालं.

शोभाताईंच्या घरी पोचेपर्यंत ग्रुपवर एका सुईच्या सात झाल्या होत्या. आठवा निरोप, 'वाण परत का मागतात, विचार करा,' असा होता. विचार करायला सांगितल्यावर लोक काय करतात ते सर्वांना ठाऊकच आहे. शोभाताईंनी आपलं वाण चिमट्याने उचलून फाटकाबाहेर ठेवलं होतं, वर एक लिंबू आणि तीन मिरच्या. वाण घेतलेल्या जवळपास सगळ्या बायका ओट्यावर जमल्या होत्या. कडेला शाल लपेटून इंदुताई.

"खरं सांगा भाऊ," शोभाताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "हे काय करणी-गिरणी तर नाही? कुसुमताई घरी नाही, तवाच बरं हे वाण निघालं!"

आता मात्र गोष्ट कुसुमताईंवर आली. भाऊंनी मयुरीकडे पाहिलं. मयुरीने पुढे व्हा अशी मान हलवली.

"ते पिनकुशन नाही," भाऊ म्हणाले. "ते बायांचं... म्हणजे ते इथं ठेवाचं असते." त्यांनी शर्टाच्या वरच्या खिशावर हात ठेवला.

"मोबाईलचं कव्हर काय?" सिंधूताईंनी विचारलं.

"नाही वो. त्याच्या आत."

"पैशाचं पाकीट?"

भाऊंनी डोळे मिटले. "माह्या बायकोले कॅन्सर झाला होता," ते एका दमात म्हणाले. "छातीचा. एका बाजूची छाती काढली तिची. अशा बायांसाठी ते अन् तिच्या मैत्रिणी हे विणते. मापाप्रमाणं. ब्लाउजात ठेवलं का बाई पहिल्यासारखी दिसते, अन् नीट उभी राह्यते. उद्या सकाळी कुहीहून, रामटेकहून बाया हे न्याले येऊन राहिल्या. अन् मी येड्यानं वाण म्हणून वाटले. आठ वर्षं झाले, मी तिले एकदाही विचारलं नाही का तू काय विणून राहिली. माही चूक आहे. तिची नाही."

डोळे उघडले तेव्हा कडेच्या इंदुताई सोडल्या तर ओट्यावर कुणी नव्हतं. भाऊंना वाटलं, बायका लाजून निघून गेल्या. पण पाचच मिनिटांत एकेक जण परत येऊ लागली. कुणाच्या गोळ्यात टाचण्या खोचलेल्या होत्या, त्या तिथेच बसून काढल्या. कुणी गरम तवा धरायला वापरला होता, ती ओशाळून साबणाची वडीही घेऊन आली. शोभाताईंनी लिंबू-मिरची नालीत भिरकावली आणि आपलं वाण पदराने पुसून दिलं. गाळणी कुणी घेईना. शेवटी गोपाळराव लंगडत आले. बँडेज सोडत म्हणाले, "पहिलेच सांगाचं होतं ना गा. मी काय जनावर आहो?"

इंदुताई मात्र हलल्या नव्हत्या.

"ताई, तुमचं?"

"माह्यं उंदरानं नेलं," त्या म्हणाल्या आणि शाल आवळून चालू लागल्या.

त्या दिवशी विणकर कॉलनीने एक नवल पाहिलं. शालिकरामभाऊंनी तेवीस गोळे स्वतः धुतले, आणि मागच्या अंगणात नाही, रस्त्याच्या बाजूच्या दोरीवर, चिमटे लावून एकेक वाळत घातला. जाणारा-येणारा विचारी, "काय गा हे, भाऊ?" आणि भाऊ प्रत्येकाला न चुकता सांगत. तिसऱ्या-चौथ्यांदा तो शब्द तोंडात अडकेनासा झाला.

कुसुमताई आल्या, फाटकातच थबकल्या, दोरी पाहिली, सगळं ऐकलं. रागावतील म्हणून भाऊ मान खाली घालून उभे. कुसुमताई हसू लागल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मग पदराने डोळे पुसून त्यांनी गोळे मोजले. "मायाचं आहे. पण एक कमी दिसून राहिलं."

"इंदुताईकडचं. उंदरानं नेलं म्हणे. मले समजत नाही, दोन मांजरी आहेत त्या घरात, अन् उंदीर येतेच कसा?"

कुसुमताईंनी नवऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. "तुमाले समजन," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

सोमवारी सकाळी नऊला भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, पिशवी घेऊन अंगणात उभे होते. आज पानठेल्यावर बसायचं नाही, फाटकाच्या आत जायचं, हे त्यांनी रात्रीच ठरवलं होतं. तेवढ्यात फाटक वाजलं. इंदुताई होत्या. जानेवारीची थंडी होती, आणि अंगावर शाल नव्हती. भाऊंना त्या आज वेगळ्याच दिसल्या. मग लक्षात आलं, त्या ताठ उभ्या होत्या.

"भाऊ," इंदुताई जमिनीकडे पाहत म्हणाल्या, "तो उंदीर आहे ना."

"हाव."

"त्याले ते थोडं लहान होऊन राहिलं."

आता भाऊंना तो उंदीर समजला. पण तोंडावरची रेषही न हलवता ते म्हणाले, "होत असन. माप घ्या लागते, ताई. अन् एकानं नाही भागत, धुवाले टाकलं का दुसरं लागते. किती वर्षं झाले उंदराले?"

"सहा."

"घरी माहीत आहे?"

"मालकाले माहीत आहे. दुसऱ्या कोणाले नाही."

"मंग असं करा. उंदराले म्हणा, दहा वाजता आमच्यासोबत चाल. तिथं माप घेते. अन् भेवाचं काही काम नाही, तिथं लय उंदीर येते."

इंदुताईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा झाला. "पोहे असते काय तिथं?"

"तर्रीसंग."

"थांबा मंग. चप्पल घालून येतो," म्हणत त्या लगबगीने निघाल्या.

आतून कुसुमताईंनी हाक मारली, "अवो, कोण आलं होतं?"

"कोणी नाही," शालिकरामभाऊ म्हणाले. "संस्थेत फोन लाव अन् पोह्याची एक प्लेट जास्त सांग."