केशोरावांचं बंडी-टॉकीज

सौंसरच्या कोणत्याही लग्नात जा, वधूवरांच्या आधी तुम्हाला केशोराव काकाजी दिसतात. वय ऐंशीच्या घरात, डोक्यावर टोपी, गळ्यात दुपट्टा आणि दोन्ही हात वर. आलेली प्रत्येक गाडी ते स्वतः उभे राहून लावून घेतात. उंच गाड्या मागे, बुटक्या समोर, तोंडं सगळ्यांची एका बाजूला.

"ट्रॅक्टर मागं घे गा. मागच्याले दिसलं पाहिजे."

काय दिसलं पाहिजे, हे कोणी विचारत नाही. एकदा एका मोठ्या साहेबांना त्यांनी शांतपणे सांगितलं, "साहेब, तुमची गाडी उंच हाय. तिसऱ्या ओळीत." साहेबांनी मुकाट्यानं गाडी मागे नेली.

मी त्यांचा शेजारी, इथल्या शाळेतला मास्तर. माझ्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहा येईपर्यंत ते खोलीभर नजर फिरवत होते. मग म्हणाले, "मास्तर, तुमचं कपाट मधात उभं राहून राहिलं. मागच्या देवाले काही दिसत नाही." चहा पिण्याआधी आम्ही दोघांनी कपाट सरकवलं.

या सगळ्याचं मूळ रामाकोन्याच्या रस्त्यावरच्या त्यांच्या शेतात आहे. तरुणपणी ते संत्रा विकायला मोठ्या शहरात गेले होते. तिथं लोक मोटारीत बसून उघड्यावर सिनेमा पाहतात असं त्यांच्या कानावर आलं. घरी येऊन ते वडिलांना म्हणाले, "आपल्याकडं मोटारी नाही, पण बंड्या त हायेत."

वडिलांनी आठ दिवस बोलणं टाकलं. पण शेताच्या टोकाला विटांची भिंत उभी राहिली, तिला चुना लागला आणि नागपूरहून जुनं मशीन आलं. कापूस विकला गेला की गावोगावच्या बैलबंड्या यायच्या. बैल सोडून बाभळीखाली बांधायचे, त्यांच्यापुढं कडबा टाकायचा, बंडीत गोधडी अंथरून अख्खं घर सिनेमा पाहायचं. मशीन त्यांची बायको, आमची काकू, चालवायची. काकाजी ओळी लावायचे. ऐन मारामारीत एखादा बैल हंबरला, तर कोणीतरी म्हणायचं, "त्यालेही पटलं."

पुढं घरोघरी टीव्ही आले आणि बंड्या कमी होत गेल्या. शेवटी एकच उरली, रामाकोन्याच्या नामदेवची. त्याची बायको गेलेली. एकुलती मुलगी मंदा जन्मापासून मुकी आणि बहिरी. दर शनिवारी बापलेक यायचे. नामदेव अर्ध्या सिनेमात झोपून जायचा. मंदाला काही समजायचं नाही, पण ती भिंतीवरून डोळे काढायची नाही. ते पाहून काकाजी बंडीच्या चाकाजवळ उभे राहिले आणि हातवारे करून तिला गोष्ट सांगू लागले. हा सावकार, मिशा अशा. ही त्याची लेक, हट्टी. हा पळून गेला. तो दर शनिवारचा रिवाज झाला.

"एका बंडीसाठी सिनेमा लावून राहिला, केशोराव पागल झाला," असं लोक म्हणायचे. मी एकदा काकूला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "आमच्या घरी लेकरू नाही, मास्तर. ती पोट्टी हासे, ते मले मशीनजवळून दिसे. कसं बंद करू?"

शेवटचा सिनेमा लेकरांपासून ताटातूट झालेल्या एका आईचा होता. तो अर्ध्यावर आला असताना वावधन सुटलं, त्या वादळात लाइन गेली, ती काही आली नाही. पुढच्या शनिवारच्या आत मंदाचं लग्न ठरलं आणि ती वरूडकडे नांदायला गेली. काकाजींनी मशीन पुन्हा लावलं नाही.

आता त्या शेतात लग्नाचं लॉन आहे. भिंत तशीच आहे, तिच्यासमोर स्टेज घालतात. या उन्हाळ्यात नामदेवच्या पुतण्याच्या पोराचं लग्न तिथं होतं. दुपारी एका गाडीतून पिकल्या केसांची बाई उतरली आणि काकाजींसमोर येऊन उभी राहिली. त्यांनी ओळखायला थोडा वेळ घेतला. ती पाया पडली. मग भिंतीकडे बोट करून तिनं हातांनी काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"त्या आईचं पुढं काय झालं, म्हणते."

आणि ते सांगू लागले. सनई वाजत होती, माणसं येत होती, गाड्या वाटेल तशा लागत होत्या. काकाजींच्या हातांतली आई गावोगाव फिरली, उपाशी राहिली, एका दाराशी पोचली. दार उघडलं. आत लेकरं होती. आईनं त्यांना पोटाशी धरलं, चूल पेटवली, जेवू घातलं. मंदा हसली आणि पदरानं डोळे पुसत मंडपात गेली.

तो सिनेमा मी पुढं नागपूरला पाहिला होता. "काकाजी," मी म्हटलं, "आई त्या दाराशीच मरते ना?"

"मले मालूम हाय."

त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "तिची माय गेली तेव्हा ही रांगत होती. आता बापही गेला. तो गेल्यावर पहिल्यांदा माहेरी आली, मास्तर. तिले काय सांगू?"

आम्ही आत गेलो तेव्हा काकू पंगतीत बसली होती. शेजारची पत्रावळ तिनं हातानं झाकून धरली होती, दुसरं कोणी बसू नये म्हणून. मंदा दिसताच तिनं हात उचलला आणि वाढणाऱ्याला म्हणाली, "इथं वाढ बाप्पा. लेक आली माही."