मोजे चढवून नाथसागर उतरल्याची हकीकत

श्री गंगामाई प्रसन्न. वाचणाऱ्यांस आणि ऐकणाऱ्यांस आयुरारोग्य असो. छावणी, छत्रपती संभाजीनगर, येथील नानासाहेब यांच्या कुटुंबाने चालू साली वैशाखमासी नाथसागराच्या पाण्यावर जी स्वारी केली, तिची हकीकत खाली लिहिली आहे. या स्वारीविषयी गल्लीत अनेक वावड्या उठल्या. कोणी म्हणाले, नानासाहेब बुडता बुडता वाचले, आणि कोणी म्हणाले, मगर निघाली. दोन्ही गोष्टी असत्य. ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांस वेगवेगळे पुसून, जितके जुळले तितकेच नमूद केले आहे.

नानासाहेबांच्या पत्नी साळूबाईसाहेब यांचे माहेर गंगाथडीची सावरवाडी. गोदावरीस नाथसागराचे धरण जाहले तेव्हा गाव पाण्याखाली गेले आणि वस्ती उठून वर माळावर आली, आणि साळूबाई तेव्हा परकरी पोर. मग लग्न होऊन छावणीत आल्या आणि संसार करता करता केस पांढरे जाहले, परंतु जुन्या गावच्या महादेवाच्या घाटाच्या पायऱ्या पुन्हा दृष्टीस पडल्या नाहीत. धरण फार आटले तरच त्या पायऱ्या डोके वर काढतात. मागे एकदा निघाल्या तेव्हा चिरंजीव इंद्रजीत यांची बारावी आडवी आली, आणि पुन्हा निघाल्या तेव्हा सासूबाईंचे दुखणे. ऐसे दोन मोके हातचे गेले आणि साळूबाईंनी त्याची तक्रार कोणाजवळही केली नाही.

यंदा सावरवाडीच्या पुंडलिक नाववाल्याने, जो गावच्या नात्याने साळूबाईंस आत्या म्हणतो, मोबाइलवर चित्रफीत रवाना केली की पायऱ्या उघड्या पडल्या आहेत, आणि पाऊस लागून वरच्या धरणांचे पाणी सुटले की गडप होतील. सबब येणे तर लवकर येणे. आणखी खबर दिली की नाव पायऱ्यांपर्यंत लागत नाही. गुडघाभर पाण्यातून थोडे चालावे लागते, आणि तळाशी गाळ, आणि गाळात बुडालेल्या बाभळींचे काटे. शहरच्या माणसांनी पायांत काही असल्याखेरीज उतरू नये.

ही चित्रफीत साळूबाईंनी स्वयंपाकघरात उभ्याने पाहिली आणि पुन्हा लावायला सांगितली. मग गॅस बंद करून खाली बसल्या. सूनबाई श्रेया यांनी हे पाहिले आणि त्याच संध्याकाळी मोहिमेचा निर्णय जाहला.

निर्णय होताच बाका पेच उभा राहिला. साळूबाईंस साखरेचा विकार. मागील साली डाव्या अंगठ्यास लहानशी जखम जाहली ती दिवाळीत धरली ती संक्रांत उलटली तरी हटेना, आणि डॉक्टरांनी सक्त ताकीद दिली की घरातदेखील अनवाणी पाऊल टाकणे नाही. इकडे गंगाथडीचा दस्तूर असा की गोदावरीस गंगा म्हणावे, आणि गंगेत उतरताना पायताण काठावर ठेवावे. हा दस्तूर तेथील लहान मूलही मोडत नाही. डॉक्टरांचा हुकूम मानावा तर दस्तूर मोडतो, आणि दस्तूर पाळावा तर पाय धोक्यात. श्रेयांनी विनवण्या केल्या आणि इंद्रजीतांनी तर्क लढविले. साळूबाईंनी सर्व ऐकून घेतले आणि जबाब दिला.

"गंगंत चप्पल घालून मी पाय ठेवणार नाय. नावंत बसून लांबून बघंन आन हात जोडीन. तेवढं लई झालं."

तेवढे लई नव्हते, हे घरात सर्वांस ठाऊक होते.

तेव्हा जिल्हा परिषदेतून निवृत्त जाहलेले नानासाहेब यांनी मोहिमेची सरदारी आपणांकडे घेतली आणि फर्माविले की पादत्राणांचा बंदोबस्त प्रथम, धर्माचा विचार मागाहून. पाणी, गाळ आणि काटा या तिन्ही शत्रूंस पुरून उरेल असा एकच जोड, तो म्हणजे लष्करी बूट. छावणी बाजारात रईसाबेगम यांचे चपलाबुटांचे दुकान. त्या साळूबाईंच्या जुन्या मैत्रीण. त्यांनी नानासाहेबांस जाताना अडवून सांगितले की पाण्यात जड बूट म्हणजे पायाला बांधलेली घागर, पाणी आत शिरेल आणि बाहेर निघणार नाही, हलके आणि घट्ट काही घ्या. नानासाहेबांनी हे ऐकले, मान डोलावली आणि समोरच्या दुकानातून घोट्याच्या वरपर्यंत येणारे काळे बूट खरेदी केले. इतकेच नव्हे, तर ते घालूनच रईसाबेगमांच्या दुकानावरून परत गेले. हा अपमान बेगमसाहेबांनी गिळला, आणि मापाची पट्टी घेऊन साळूबाईंच्या घरी आल्या.

इकडे श्रेयांनी ऑनलाइन मागवून आपणांसाठी फोमचे, भोकाभोकांचे, गुलाबी जोड आणविले होते. इंद्रजीतांनी पट्ट्यांची सँडल काढली. साळूबाईंचे पाय मात्र उघडे राहिले, आणि मसलत तेथेच येऊन थांबे.

रईसाबेगम चहा घेत बसल्या आणि दस्तुराची सर्व हकीकत ऐकून घेतली. त्यांनी दस्तुराची थट्टा केली नाही आणि डॉक्टरांची बाजूही घेतली नाही. मग त्या म्हणाल्या, "साळूबाई, आमच्यात नमाजाआधी वजूला पाय धुवावे लागतात. पण पाय धुऊन मोजे चढवले ना, तर पुढच्या वजूला मोजे काढायचे नाय. ओला हात वरून फिरवला, झालं. दिवसभर चालतं."

"म्हंजे मोजे असले तरी पाय धुतलेलाच?"

"हौ. पाक पायावर मोजा चढला तर पाय पाकच. जूता अलग, मोजा अलग."

साळूबाईंनी कप खाली ठेवला. मग पुसले की मोज्याला चामडे असते काय. बेगमांनी सांगितले की हल्ली पाण्यात घालण्याचे मोजेच मिळतात, वर कापड, खाली रबर, चामड्याचा दोराही नाही. मग साळूबाईंनी निवाडा दिला, तो असा. मोजे नवे असावेत. पाय धुऊन, बसल्या जागीच चढवावेत. आणि ते मोजे रस्त्यावर, अंगणात, कोठेही जमिनीवर कधी चालू नयेत. जे जमिनीवर चालले ते पायताण. जे फक्त गंगेत उतरले ते मोजे. हा निवाडा रईसाबेगमांनी मान्य केला, आणि ऐसा तह चहाच्या दुसऱ्या कपावर कायम जाहला. नानासाहेबांनी पलीकडून शंका काढली की कापडाचा मोजा काट्यापुढे काय टिकणार. ती शंका रास्त होती, म्हणून नोंदविली आहे.

दुसरे दिवशी बेगम दोन जोड घेऊन आल्या आणि बाभळीचा काटाही आणला, जो लष्कराच्या मैदानालगतच्या झाडाचा होता. पहिल्या जोडाच्या तळव्यावर काटा दाबला तो आरपार गेला, तेव्हा तो जोड बाद. दुसऱ्याचा तळवा जाड, काटा वाकला आणि मोडला. परंतु जमिनीवर चालायचे नाही, ही अट. मग चालून पाहावे ते पाण्यातच. आणि पाणी आणावे कोठून? या शहरात नळास गंगेचेच पाणी, परंतु ते कित्येक दिवसांआड येते, आणि तलावात शिरण्याची तयारी करायची तर आधी नळाची वाट पाहणे भाग. वाट पाहिली. नळ आला. पिण्याचे भरून घेतले, मग टाकी भरली, आणि मग इंद्रजीतांनी गच्चीवर मोठा टब मांडून त्यात गुडघ्याखालपर्यंत पाणी धरले. पलीकडच्या गच्चीवरील दगडाबाई यांनी हे पाहून हाक दिली की पाणी आले की लोकांस पोहणे सुचते काय. त्यांस कळविण्यात आले की यातील थेंबही वाया जाणार नाही. तो शब्द पाळला गेला. त्या पाण्याने मागाहून कुंड्या भिजल्या आणि गाडीही धुतली.

त्या टबात नानासाहेब बूट घालून उभे राहिले आणि टब अर्धा रिता जाहला, कारण बाकीचे पाणी बुटांत गेले. श्रेयांचे गुलाबी जोड पायांतून सुटून वर आले आणि तरंगू लागले. साळूबाईंनी पाटावर बसून पाय धुतले, मोजे चढविले, थेट टबात पाय ठेवले, इकडून तिकडे चार पावले टाकली आणि म्हणाल्या, "व्हय. बसलेत." पाणी मोज्याच्या जाळीतून निथळून गेले. नानासाहेबांचे मत की बूट परीक्षेत उतरले. येथे एक चूक लिहून ठेवणे अवश्य. परीक्षा स्वच्छ पाण्यात जाहली. गाळात परीक्षा कोणी घेतली नाही.

मग शुभ दिवस पाहून स्वारी निघाली. नगर नाका, वाळूज मागे टाकून गंगापुरात रसवंतीवर मुक्काम केला आणि उसाचा रस घेतला. साखरेमुळे साळूबाईंस रस मना, म्हणून त्यांनी दोन घोट चोरून घेतले, ज्याची खबर सर्वांस होती. पुढे सावरवाडीच्या काठावर, घरूनच घातलेल्या बुटांच्या नाड्या आवळण्यात नानासाहेबांनी इतका वेळ घेतला की नाव सुटेपर्यंत ऊन माथ्यावर आले. नावेत बसल्यावर साळूबाईंनी पितळी तांब्याने पाणी घेऊन पाय धुतले आणि मोजे चढविले. पुंडलिकाने पुसले, "आत्या, हे काय?" त्या म्हणाल्या, "मोजे हायती. तू नाव बघ."

पाण्यातून पायऱ्या दिसल्या, काळ्या, लखलखीत उन्हात. नाव थांबली. प्रथम सरदार उतरले. त्यांचा उजवा बूट गाळात गेला, मग डावा गेला, मग बुटांत पाणी भरले आणि गाळाने ते असे धरले की पुढे पाऊल निघेना आणि मागेही निघेना. नानासाहेब पाण्यात उभे राहिले, अचल. पुंडलिकाने काखेत हात घालून ओढले तेव्हा नानासाहेब वर आले आणि बूट आले नाहीत. दोन्ही बूट आजतागायत तेथे ठाणे देऊन आहेत. अनवाणी माणसास काट्यांतून चालवता येईना, म्हणून अनवाणीच उतरलेल्या, काट्यांस सरावलेल्या पुंडलिकाने त्यांस पाठीवर घेतले, आणि खासे सरदार तैसेच पुढे निघाले. मगरीची वावडी गाळाने पाय धरल्याच्या या प्रसंगावरून उठली असावी. श्रेयांचे गुलाबी जोड दोनदा सुटून प्रवाहास लागले आणि इंद्रजीतांनी वल्ह्याने ते कैद करून आणिले.

साळूबाई मधोमध चालत होत्या. एका हाती तांब्या, दुसरा हात श्रेयांच्या खांद्यावर. मोजे पायांस घट्ट, गाळ त्यांस धरेना. तळव्याखाली काही मोडल्याचा आवाज दोनदा आला. श्रेयांनी भिऊन पाहिले, साळूबाईंनी मान हलविली आणि चालत्या राहिल्या.

पायरीशी येताच त्यांनी हुकूम केला की पायरी देवाची, सर्वांनी पायताणे उतरवावीत. हुकूम मोडण्याची कोणाची छाती नव्हती. श्रेयांनी गुलाबी जोड काढले, इंद्रजीतांनी सँडल काढली आणि दोघांनी पायरीवर पाय ठेवला मात्र, वैशाखाचा तापलेला काळा दगड, तव्यासारखा. दोघेही एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या घेऊ लागले. नानासाहेबांनी पुंडलिकाच्या पाठीवरून हे अवलोकन केले आणि उतरण्यास साफ नकार दिला. पुंडलिक म्हणाला, "मामा, उतरा. मला बी पाय हायती."

त्या तापल्या दगडावर एकट्या साळूबाई स्वस्थ उभ्या होत्या, मोज्यांनिशी. इतक्या दिवसांच्या मसलतीनंतर, इतक्या जोडांतून, त्या घडीस पायांत काही असणारे माणूस तेच एक.

त्या खाली वाकल्या आणि हाताने गाळ पुसू लागल्या, एक पायरी, मग दुसरी. दुसऱ्या पायरीच्या कडेस दगड झिजून वाटोळा खळगा जाहला होता. त्यांनी त्यात तळहात ठेवला.

"हितं घागर टेकवायची. आईची मोठी, माझी बारकी. एका खळग्यात आळीपाळीनं."

मग पितळी तांब्या त्या खळग्यात ठेवून पाहिला. तांब्या लहान, खळगा मोठा, तांब्या कलंडला. साळूबाई हसल्या. पदराने डोळे पुसले की घाम, याविषयी पाहणाऱ्यांत एकमत नाही, म्हणून लिहीत नाही. मग त्यांनी तांब्या भरभरून पायऱ्यांवर ओतला, पुन्हा भरला, पुन्हा ओतला, आणि दगडावरून वाफ निघाली. मग यजमानांकडे वळून म्हणाल्या, "उतरा आता. गार केलंय."

नानासाहेब उतरले. सर्वजण ओल्या पायरीवर रांगेने बसले, पाय गंगेत सोडून, आणि पायरी सुकू लागली की ज्याच्या हाताशी तांब्या असेल त्याने ओतावे, ऐसे ठरले. दुपार कलेपर्यंत तेथेच मुक्काम होता.

परत नावेत येताच श्रेयांनी साळूबाईंचे दोन्ही पाय मांडीवर घेतले, मोजे उतरविले आणि बोट न् बोट उघडून पाहिले. डाव्या मोज्याच्या तळव्यात दोन काटे मोडलेले निघाले. पायास ओरखडाही नव्हता. अंगठा पुन्हा एकदा पाहिला. मग श्रेयांनी फोन काढून छावणीत रईसाबेगमांस फत्तेची खबर कळविली.

संध्याकाळी गाडी बेगमांच्या दुकानासमोर थांबली, कारण नानासाहेबांस घालण्यास काही नव्हते. मधे डांबराचा रस्ता, अजून गरम. नानासाहेबांनी मागे वळून पुसले की तेवढ्यापुरते मोजे मिळतील काय. साळूबाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"हे जमिनीवर चालत नायत."

सरदार अनवाणी, उड्या घेत, त्याच दुकानात दाखल जाहले ज्याच्या समोरून बूट घालून डौलाने गेले होते. रईसाबेगम गल्ल्यावरून उठल्या. फळीवरून साध्या रबरी चपला काढून खाली ठेवल्या आणि म्हणाल्या, "बसा नानासाहेब. तुमचं माप याद आहे."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. खर्ची पडले ते लष्करी बूट, जोड एक. साधले ते जुन्या सावरवाडीची पायरी, आणि साळूबाईसाहेबांची दोन्ही पावले, शाबूत. मोजे धुऊन गच्चीच्या दोरीवर वाळविले, आणि जमिनीस न लावता कपाटाच्या वरच्या फळीवर ठेविले आहेत. त्यांच्याशेजारी साळूबाईंनी माळ्यावरून काढून एक बारकी घागर ठेविली आहे. पुढे कधी पाणी आटले तर ती जाणार आहे, ऐसे त्यांनी घरात जाहीर केले आहे. ही हकीकत सर्वांस वाचून दाखविली, आणि नानासाहेबांनी एक जागा वगळण्यास सांगितले. ती वगळली नाही.